गोठ्यामागचा बेल

झरीवालीने मला फसवले. सरळच लिहिते, म्हणजे पुढे वाचताना कोणाच्या मनात शंका नको. तिने मला बेलाचे एक रोप दिले. त्या रोपावर कीड होती, ते तिला ठाऊक होते, आणि ती गप्प बसली. त्या एका रोपापायी माझा थोरला बेल मला कमरेएवढा ठेवून छाटावा लागला.

माझी बाजूही सगळी गोरी नाही. पण ती मी माझ्या तोंडाने सांगेन. दुसऱ्या कोणी सांगितलेली मला खपत नाही.

माझी नर्सरी तलासरीच्या पुढे, हायवेला लागून आहे. चिकूची कलमे मी ठेवत नाही. घोलवडपासून इथवर ज्याच्या त्याच्या दारात चिकूची कलमे असतात, त्यात मी आणखी चार मांडून काय करू? मी औषधी झाडे ठेवते. अडुळसा, निर्गुडी, शतावरी, सर्पगंधा, गुळवेल, बेल. सुरुवातीला लोक हसले. "बाई, जंगलात फुकट मिळतं ते पिशवीत भरून विकतेस?" असे विचारायचे. मी म्हणायची, "जा ना मग जंगलात. साप पण फुकटच मिळतो." हसत हसत घेऊन जायचे. गिऱ्हाइकाला हसू आले की ते अर्धे आपले झाले, हे मी कोणत्या शाळेत शिकले नाही.

शिकले ते सगळे घोलवडला. लग्नानंतर बरीच वर्षे मी तिथल्या एका वाडीत चिकू निवडायला जात होते. चिकूच्या अंगावर तपकिरी कोंडा असतो. फळ तयार झाले की तो हाताने चोळला तरी निघतो. तरी खात्री करायची तर अंगठ्याच्या नखाने हलकेच खरवडायचे. खाली हिरवे दिसले तर कच्चे, पिवळट दिसले तर तयार. ढिगासमोर बसून दिवसभर तेच. पुढे तिथल्या माळ्याचे बघून बघून कलमे करायला लागले, तेव्हा तेच नख फांदीवर चालवू लागले. तिथे हिशेब उलटा होता. सालीखाली हिरवे म्हणजे फांदी जिवंत, तपकिरी म्हणजे मेलेली. या नखाने मला कधी दगा दिला नव्हता. देवावर नव्हता इतका माझा नखावर विश्वास होता. ते नख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थोरला बेल हे माझे पहिले झाड. मोठ्या फळाच्या, कमी काट्याच्या एका बेलाची काडी मी कुठून कुठून मागून आणली आणि रानबेलाच्या रोपावर बांधली. ती मेली. पुन्हा आणली, तीही मेली. सातव्या खेपेला डोळा फुगला आणि त्यातून पोपटी कोंब बाहेर आला. त्या दिवशी मी वाडीतले काम सोडले. नवरा म्हणाला, "एका कोंबावर संसार चालवणार का?" चालवला. नर्सरीतला प्रत्येक बेल त्याच झाडाची काडी घेऊन केलेला आहे. सरकारी कागदावर अशा झाडाला मातृवृक्ष म्हणतात. मी थोरला म्हणते. तो गेला तर माझ्याकडे माझे म्हणून काही उरत नाही. बाकी सगळी पिशव्यांतली माती.

आता झरीवाली. ती झरी गावची सून. माझ्याकडे पिशव्या भरायला आली होती, चाळणीने माती चाळायची, पाणी घालायची. हात हलका होता. मी तिला कलम शिकवले. पहिली दहा बांधली ती दहाही गेली. अकराव्यांदा मी तिच्या हातात चाकू दिला तेव्हा ती रडवेली झाली होती. मी म्हटले, "रडलीस तर डोळ्यातलं पाणी कलमावर पडेल, सडेल ते. बांध." त्या वेळी बांधलेले लागले. तेव्हापासून तिचे मेलेले कलम मी पाहिले नाही.

चार पावसाळे तिने काम केले आणि मग झरीला स्वतःची नर्सरी टाकली. मला सांगून गेली, पाया पडून गेली, साडीसुद्धा नेसवली मला. सगळे रीतसर. तरी त्या रात्री मी जेवले नाही.

मला तिचा मत्सर वाटतो. हे लिहायला मला लाज नाही. ज्याने शून्यातून काही उभे केले आहे त्याला विचारा, त्याच्या शेजारी दुसरे कोणी उभे राहिले की पोटात काय होते. चैत्रातल्या विवळवेढ्याच्या जत्रेत तिने माझ्या शेजारीच रोपे मांडली. माझ्याकडे गिऱ्हाईक येऊन घासाघीस करायचे. "छेल्लो भाव बोलो, बेन." मी शेवटचा भाव बोलायची, मग त्याच्याखालचा शेवटचा, आणि तोंडाला फेस येईपर्यंत एक अडुळसा खपायचा. तिच्याकडे लोक रोप उचलायचे, पान उलटून बघायचे आणि न बोलता पिशवीत टाकायचे. ना आवाज, ना भांडण. असा काय धंदा असतो?

डहाणूचे एक म्हातारे वैद्य वर्षानुवर्षे माझ्याकडून झाडे नेत. त्यांना मी काका म्हणते. एकदा ते आले तेव्हा त्यांच्या रिक्षात आधीच एक अडुळसा होता. पिशवीला लाल दोरा बांधलेला, म्हणजे झरीचा.

"काका, माझा अडुळसा कडू नाही का?"

"अडुळसा सगळीकडे कडूच असतो, बाई."

"मग हा कशाला?"

"तिची पानं धुतलेली असतात. खालच्या बाजूने सुद्धा."

"पानं धुतलेली! मग पाऊस काय करतो, काका? झोपा काढतो?"

ते हसले. मी हसले नाही. झरीवाली कुठल्याशा दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आली होती. तिथून आल्यापासून जुना टूथब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन झाडांच्या फांद्या घासत बसते, हे मला कळले होते. त्या शिबिराला मलाही बोलावले होते. मी म्हटले होते, मला शिकवणारा अजून जन्माला यायचा आहे. तेव्हापासून मी तिला चारचौघांत झाडांची न्हाणीवाली म्हणू लागले. लोकांना आवडले ते नाव. झाडे मात्र तिचीच नेऊ लागले.

आमच्या या पट्ट्यातल्या नर्सरीवाल्यांत एक रीत आहे. जत्रा उठली की आम्ही एकमेकांकडे जातो आणि एकास एक रोप बदलतो. आम्ही त्याला हातपालट म्हणतो. त्यात पैसा येत नाही. एका वर्षी तिने माझ्याकडे यायचे, दुसऱ्या वर्षी मी तिच्याकडे. पाहुणीने ज्या झाडावर हात ठेवला ते मागितले असे धरायचे. यजमानीण दोनदा म्हणू शकते, "दुसरं घ्या." तिसऱ्यांदा मागितले की नाही म्हणायचे नाही, आपल्या हाताने उचलून द्यायचे. घेणाऱ्याने देणाऱ्यासमोर पान उलटून बघायचे नाही. प्रसाद कोणी हुंगून घेत नाही, तसे. आणि घरी नेल्यावर ते झाड कोपऱ्यात टाकायचे नाही. त्याच दिवशी आपल्या सगळ्यात मोलाच्या झाडाशेजारी ठेवायचे, म्हणजे दोन्ही घरांना बरकत येते. बदल्यात पाहुणीने काय द्यायचे ते मात्र तिच्या मर्जीवर.

मागच्या वर्षी ती माझ्याकडे आली. तिने साधी शतावरी मागितली. मी खूश होऊन वर एक गुळवेल दिली. आता ही ती न गोरी बाजू. ती गुळवेल माझ्या हातची नव्हती. एक टेम्पोवाला घाईत होता, त्याच्याकडून मी सगळा लॉट पाडून घेतला होता. चांगल्या चांगल्या विकल्या. जी कोणी घेईना ती उरली होती, तीच मी झरीवालीला मोठ्या मनाने दिली. चैत्रात गुळवेलीला पाने नसतात. नुसती दोरी, आणि तिच्या अंगावर मुळातच पुळ्या असतात. त्या पुळ्यांत आणखी चार पुळ्या असल्या तर कोणाला कळणार? मला कळल्या नव्हत्या. हे मी शपथेवर सांगते. कमजोर झाड दिले, रोगी झाड जाणूनबुजून दिले नाही. यात फरक आहे.

त्या श्रावणात ती एकदा अचानक आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी होते. माझ्याकडे उंबरगावच्या बाजूची दोन-तीन गिऱ्हाइके उभी होती, भाव नुकता रंगात आला होता.

"मावशी, जरा बाजूला या ना."

"बाजूला कशाला? जे आहे ते इथे बोल."

तिने कागद थोडा उघडला. आत गुळवेलीची फांदी होती. "हे बघा ना, हिच्यावर..."

"काय हिच्यावर? दिली तेव्हा चांगली होती. हातपालटीचं झाड परत आणायचं नसतं, एवढंही शिकवलं नाही का मी तुला?"

"परत नाही आणलं, मावशी. दाखवायला..."

मी तिच्या हातातून ती पुडी ओढली आणि गटाराच्या पलीकडे फेकली. गिऱ्हाइकांतला एक म्हणाला, "शुं थयुं, बेन?" मी म्हटले, "कांई नथी. शिकाऊ आहे आमची. गुळवेलीच्या पुळ्या पण तिने पहिल्यांदाच पाहिल्या." ते हसले. झरीवालीचे तोंड लाल झाले. ती गटार ओलांडून गेली, फांदी उचलली, खाली पडलेला एकेक तुकडा वेचला, पुन्हा कागदात बांधला आणि घेऊन गेली. मला वाटले, काय चिकट बाई आहे, वाळकी फांदीसुद्धा सोडवत नाही.

या वर्षी पाळी माझी. जत्रा उठल्यावर मी झरीला गेले. बदल्यात द्यायला निर्गुडी नेली होती. या खेपेला चांगली नेली होती, खोटे कशाला सांगू. चहा झाला. तिने फिरवून सगळे दाखवले. हिरव्या जाळीखाली ओळी लावलेल्या, एक पान पिवळे नाही, पिशवीच्या तोंडाशी गवताची काडी नाही. मी "छान, छान" म्हणत होते. माझ्याकडे शिकलेली, माझाच चाकू धरलेली, आणि हे सगळे हिचे.

गोठ्यामागे हात धुवायला गेले तर तिथे एक बेल एकटाच ठेवलेला दिसला. कमरेएवढा. विटेवर पिशवी, वीट पितळेच्या जुन्या परातीत, परातीत पाणी. भोवतीची जमीन झाडून लख्ख. आणि पाने! तेल लावून पुसल्यासारखी चकाकत होती. पुढच्या एकाही झाडाला ती चकाकी नव्हती.

मी मनात म्हटले, अशी आहे का गंमत. पाहुण्यांना पुढचे दाखवायचे आणि खरा माल गोठ्यामागे पाटावर बसवायचा.

मी त्याच्यावर हात ठेवला.

झरीवाली धावतच आली. "मावशी, हा राहू द्या. पुढे चांगले आहेत, या ना."

"हाच."

"हा नाही देण्यासारखा."

"देण्यासारखा नाही, की मला द्यायचा नाही?"

"तसं नाही हो. दुसरा घ्या. एकाच्या जागी दोन घ्या."

दोन! सगळा जन्म माझा भाव करण्यात गेला. समोरचा एकाच्या जागी दोन देतो म्हणाला की तो एक काय मोलाचा असतो, हे मला कोणी सांगायला नको.

"हाच," मी तिसऱ्यांदा मागितले.

ती उभी राहिली. तोंड उघडले, मिटले. मी तिच्याकडे बघत होते, आणि मला आठवते, त्या क्षणी मला फार बरे वाटत होते. मग तिने परातीतून बेल उचलला, पदराने पिशवीचे पाणी पुसले आणि माझ्या हातात दिला.

रिक्षात बसल्यावर मी तो निरखला. खोडावर तपकिरी, मसुराच्या डाळीएवढे फुगीर ठिपके होते. मी चिकूतली बाई. मला तो कोंडाच वाटला. अंगठ्याचे नख लावले, एक ठिपका टचकन निघाला. खाली हिरवेगार. जिवंत आहे, मी म्हटले, चांगला रसरशीत आहे. घरी येऊन, रीत पाळून, तो थोरल्या बेलाच्या बुंध्याशी ठेवला. दोघांच्या फांद्या एकमेकींना लागत होत्या. जोडी शोभत होती.

महिन्या-दीड महिन्याने थोरल्याची पानेही चकाकू लागली. मी नवऱ्याला दाखवले. "बघा, संगतीचा गुण." मुंगळ्यांची रांग खोडावरून वर-खाली चालू होती. एक दिवस नवरा झाडाखाली खाट टाकून बसला आणि उठल्यावर म्हणाला, "अगं, माझा शर्ट पाठीला चिकटला. हे झाड काय गाळतंय?"

"मध गाळतंय. तुमच्या आयुष्यात कधी गळला होता का?"

"मुंगळ्यांना मिळतोय तेवढा. आपल्याला नुसता शर्ट धुवायला." मग म्हणाला, "तुला स्वतःचं झाड चकाकतंय याचा आनंद आहे, की तिचं चकाकणारं झाड आणलंस याचा?"

मी त्याला त्या दिवशी चहा दिला नाही.

आषाढात चकाकीवर काळे बसायला लागले. बोट फिरवले की काजळीसारखे. मी म्हटले, ट्रकचा धूर. हायवेवर आहे, बसणारच. ओल्या फडक्याने वरची पाने पुसली. दोन दिवसांत पुन्हा काळी. श्रावणी सोमवारी आसपासच्या पाड्यांवरच्या बायका माझ्याकडे बेलाची पाने न्यायला येतात, पाने मी कधी विकली नाहीत. त्या आल्या, फांदी वाकवून पाहिली आणि एकमेकींकडे बघितले. एक म्हणाली, "ताई, असं काळं पान पिंडीवर कसं वाहायचं?" आणि रिकाम्या परड्या घेऊन परत गेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्याच आठवड्यात वैद्यकाका आले. त्यांना थोरल्याची साल हवी होती. झाडाजवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि खोडाला नाक टेकवून बघू लागले.

"हे काय आहे, बाई?"

"कोंडा आहे, काका. जुनं झाड आहे. खालून हिरवा आहे, मी नखाने बघितलंय."

त्यांनी बेलाचाच एक काटा मोडला आणि त्याच्या टोकाने एक ठिपका अलगद उलटा केला. टोपी उलटावी तसा तो उलटला. खाली बारीक पिठासारखे काहीतरी भरले होते.

"ही साल नाही. हा जीव आहे," ते म्हणाले. "खवले कीड. पिठासारखी दिसतात ती अंडी. सोंड खुपसून एका जागी बसते, रस पिते आणि गोड पाणी टाकते. त्या गोडाने पानं चकाकतात, मग त्याच्यावर काळी बुरशी धरते. आणि मुंगळे हिला राखतात, गुराख्याने गुरं राखावी तसे. नखाने खरवडलंस तर खाली हिरवंच दिसणार. झाड जिवंत आहे म्हणूनच तर ती पितेय."

माझे नख मला दिसत होते.

"याची साल औषधाला नको," ते हळूच म्हणाले.

"कुठून आली ही, काका?"

त्या भल्या माणसाला माझ्या मनातले काय माहीत! ते सहज बोलून गेले, "झरीला एक बेल असा होता. पण तिने वेगळा काढून गोठ्यामागे ठेवला होता. मुंगळे चढू नयेत म्हणून परातीत पाणी घालून. रोज घासायची बिचारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी झरीला होते. ती फांद्यांवर साबणाचे पाणी मारत होती. मला बघून पंप खाली ठेवला. चेहऱ्यावरून कळले, ती बऱ्याच दिवसांपासून माझी वाट बघत होती.

"तुला माहीत होतं," मी म्हटले.

"हो, मावशी."

"कीड लागलेलं झाड माझ्या हातात दिलंस. तुझ्या हाताने."

"तुम्ही तीनदा मागितलंत. मी दोनदा नाही म्हटलं. दोन देते म्हटलं."

"का नाही म्हटलंस ते सांगितलंस?"

"कसं सांगणार?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सांगायला आले होते ना मागच्या श्रावणात? तुमच्या गुळवेलीवरूनच आली ती कीड माझ्याकडे. माझा बेल तिच्याच शेजारी ठेवला होता, रीत म्हणून. तुम्हाला दाखवायला आले, म्हटलं तुमच्याकडेही असेल, वेळेवर कळू दे. तुम्ही चार माणसांत फेकून दिलंत. शिकाऊ म्हणालात. तिथे पडलेले तुकडे वेचले ना मी, ते कशाला वेचले? तुमच्या फाटकाशी कीड राहू नये म्हणून."

मला ते गटार दिसत होते आणि वाकून तुकडे वेचणारी तिची पाठ.

ती मला जाळीखाली घेऊन गेली. तिथे एका ओळीत बेलाची कलमे होती, स्वच्छ, सरळ. "ही सगळी तुमच्या थोरल्याची आहेत, मावशी. तुमच्याकडे होते तेव्हा तुम्हीच काड्या दिल्या होत्या. हवी तेवढी न्या. आणि थोरल्याला मी येऊन घासून देते. छाटावं लागेल, पण जगेल तो."

म्हणजे माझ्या सात खेपांची कमाई आता तिच्या ओळीत धडधाकट उभी होती, आणि माझ्या दारात काळी पडली होती. आणि ती मला माझेच दान करत होती. तिच्या मनात दान नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. पण मला ते घेववेना. "माझं मी बघेन," म्हटले आणि परत आले.

त्या दुपारी मी आणि नवऱ्याने थोरला छाटला. करवत त्याने धरली, फांद्या मी ओढल्या. छाटलेले सगळे, आणि तो गोठ्यामागचा बेलही, आवारात वाहून न नेता तिथेच खड्ड्यात जाळले. मग बुंधा घासायला बसले. घरातला जुना टूथब्रश, साबणाचे पाणी, वर निंबोळीचे तेल. कमरेएवढे खोड, पण एकेक खवला काढताना दिवस मावळला. नवरा पाणी आणून देत होता. एकदा म्हणाला, "न्हाणीवाली." मी ब्रश उगारला, मग दोघेही हसलो. अजून रोज सकाळी घासते. बुंध्याखाली परात मावत नाही, म्हणून भोवती चर खणून पाणी सोडले आहे. परवापासून दोन ठिकाणी साल फुगल्यासारखी दिसते आहे. डोळे असतील. नख लावून बघायचे धाडस मला होत नाही.

आता हिशेब. तो तुझ्याशीच, झरीवाले.

गुळवेल मी दिली. कमजोर बघून दिली. फांदी मी फेकली, आणि लोकांसमोर तुझे हसे केले. झाड मीच मागितले, तीनदा, चकाकी बघून, जळून मागितले. हे सगळे माझ्या नावावर लिही. मी ते वाचून मान खाली घालीन.

पण माझा एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तो मी सोडणार नाही. तुझ्या तोंडाला कुलूप मी लावले, मान्य. पण तुझ्या हातात फोन होता. वैद्यकाका आठवड्याआड तुझ्याकडे येत होते. रिक्षा निघाली तेव्हा तू फाटकाशी उभी होतीस, मी वळून पाहिले होते. मी थोरल्याशेजारीच तो बेल ठेवणार, हे या जगात तुझ्याइतके कोणाला माहीत होते? रीत मीच तुला शिकवली. आणि तू महिना, दोन महिने, चार महिने गप्प राहिलीस. ते माझ्या भीतीने राहिलीस, की त्या गटाराचे उट्टे म्हणून? भीती असेल तर सांग. उट्टे असेल तर तेही सांग. ते मला जास्त समजेल.

पुढच्या चैत्रात तुझी पाळी आहे, माझ्याकडे यायची. ये. चहा मिळेल. हवे ते झाड माग, पान उलटून बघ, माझ्यासमोर बघ, रीत गेली खड्ड्यात. पण त्याआधी थोरल्यासमोर उभी राहा, तो जो काही उरला असेल त्याच्यासमोर, आणि मला उत्तर दे. तुझी दहा कलमे मेली तरी अकराव्यांदा मी तुझ्या हातात चाकू दिला होता. मी एकदा तुझी फांदी फेकली, तर तुला दुसऱ्यांदा येऊन सांगता आले नाही?